एक विंच, दोन टोकं : वेल्ह्याच्या चिखलातून गाडी काढताना

वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, आणि शेजारचं भोर या पट्ट्यात गाडी रुतण्याच्या तीन ठरलेल्या जागा आहेत. पहिली पावसाळ्यातली. केळद, मोहरी-सिंगापूर, घोळ अशा कड्याकाठच्या गावांच्या आसपासचे कच्चे तुकडे. वर तांबडी माती, खाली कातळ. पावसात माती चाकाला धरत नाही आणि कातळापर्यंत चाक पोचत नाही. दुसरी जागा उन्हाळ्यातली. पानशेत, वरसगाव, भाटघर या धरणांचं पाणी उतरलं की काठाचा गाळ उघडा पडतो. वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला दिसतो, त्याच्या भरवशावर लोक गाडी थेट पाण्यापर्यंत नेतात आणि खालचा ओला गाळ चाकं गिळतो. तिसरी जागा बारमाही आहे: अरुंद डांबरी रस्त्याची साइडपट्टी. समोरून एसटी आली, बाजू द्यायला डावी चाकं खाली उतरवली, की भिजलेली साइडपट्टी खचते आणि गाडी चरात कलंडते.

अशा वेळी गावातला ट्रॅक्टर हा नेहमीचा आधार असतो. पण गाडी सर्वांत जास्त रुतते ती जुलैत, आणि जुलैत भातलावणी असते. ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि माणसं चिखलणीत गुंतलेली असतात. हौसेनं चिखलात गेलेल्या माणसासाठी त्यांनी काम सोडून यावं, ही अपेक्षाच चुकीची. तेव्हा ज्याला या वाटांवर जायचं आहे, त्यानं बाहेर निघण्याची सोय सोबत नेली पाहिजे. त्या सोयीचा एक सुटसुटीत प्रकार म्हणजे काढता-घालता येणारी, हिचवर बसणारी विंच. तिचे दोन मोठे गुण आहेत: ती गाडीच्या मागे लावता येते आणि ती चार गाड्यांत मिळून एक पुरते. दोषही दोन आहेत: ती फक्त सरळ ओढते, आणि घरी तयारी केली नसेल तर जागेवर उपयोगाची नसते. हे चारही मुद्दे नीट समजून घेतले तरच तिच्या वजनाचं चीज होतं.

ही विंच असते कशी

नेहमीची विंच पुढच्या पोलादी बंपरमध्ये कायमची बोल्ट केलेली असते. हिचवरची विंच एका पोलादी पाळण्यावर बसवतात. पाळण्याच्या मागून दोन इंची चौकोनी दांडा निघतो. गाडीच्या चेसिसला तशाच मापाची चौकोनी नळी, म्हणजे रिसीव्हर, पक्की केलेली असते. दांडा नळीत सरकवायचा, आडवी पिन घालायची, पिनेला क्लिप लावायची, विजेचा प्लग जोडायचा, की विंच तयार. काम झालं की उलट क्रमानं काढून गाडीत ठेवायची.

आपल्याकडे या प्रकाराला आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून अनधिकृत बुलबार आणि क्रॅश गार्डवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितलं. पादचाऱ्याला होणारी इजा आणि एअरबॅगच्या सेन्सरमध्ये येणारा अडथळा, ही त्यामागची चिंता. पुढे कायम बसवलेला जाडजूड विंच-बंपर त्याच चौकटीत सापडतो. रिसीव्हर लावला म्हणजे सगळं आपोआप कायदेशीर झालं असं मात्र समजू नका. तोही बाहेरून लावलेला भाग आहे, त्यामुळे आरटीओत विचारूनच काम करावं, आणि वॉरंटीचं काय होईल हे शोरूममध्ये आधी समजून घ्यावं. रस्त्यावर विंच आणि पाळणा लावून फिरू नये. मागे लटकवलेली विंच नंबरप्लेट आणि दिवे झाकते, घाटाच्या चढाला लागताना जमिनीला घासते आणि मागच्या दुचाकीस्वाराच्या गुडघ्याच्या उंचीवर येते.

ताकदीचा हिशेब

विंचचा आकडा पौंडांत सांगतात. साधा नियम असा की भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमता हवी. माणसं आणि सामान धरून थार सव्वादोन टनांच्या आसपास जाते, तेव्हा सुमारे ३,४०० किलो, म्हणजे साडेसात हजार पौंड ही किमान मर्यादा. बाजारात सर्रास मिळणारी ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलोंची विंच थारला आणि गुरखाला पुरते. जिम्नी हलकी आहे, तिला लहान विंच चालते आणि तिच्या चेसिसला तीच बरी.

हा आकडा खरा असतो तो ड्रमवरच्या पहिल्या थरावर, म्हणजे दोर जवळजवळ पूर्ण सोडलेला असताना. दोराचा प्रत्येक थर वाढला की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर हीच विंच तीन टनांच्याही खाली येऊ शकते. म्हणून झाड दहा फुटांवर असलं तरी शक्यतो लांबचं झाड निवडावं. मात्र ड्रमवर दोराचे काही वेढे राहिलेच पाहिजेत: पोलादी दोराचे किमान पाच, सिंथेटिकचे आठ ते दहा. दोराच्या टोकाला धरून ठेवणारा ड्रमवरचा स्क्रू ओढ सोसण्यासाठी नसतो. ओढ सोसतात ते वेढे.

आता दुसरी बाजू, चिखलाची. लष्कराच्या वाहन-बचावाच्या पुस्तकांत एक ढोबळ कोष्टक असतं. चाकं मध्यापर्यंत रुतली असतील तर गाडीच्या वजनाइतकी ओढ धरा; मडगार्डपर्यंत रुतली असेल तर दुप्पट. चढ असेल तर वजनाला चढाच्या अंशांनी गुणून ६० नं भागा आणि ते त्यात मिळवा. सव्वादोन टनांची गाडी १५ अंशांच्या चढावर मडगार्डपर्यंत रुतली, तर साडेचार टन आणि वर अर्धा टन, म्हणजे पाच टन. ४,३०० किलोंची विंच तिथे थांबते. पण त्याच गाडीसमोरचा चिखल अर्धा तास उपसला आणि ती ‘मडगार्डपर्यंत’ वरून ‘चाकाच्या मध्यापर्यंत’ आणली, तर काम पावणेतीन टनांवर येतं. फावड्यानं वाचवलेले दोन टन फुकटचे असतात. म्हणून विंचच्या आधी फावडं, कुदळ आणि घमेलं.

रिसीव्हर आणि पाळणा

पाळण्यासह ९,५०० पौंडांची विंच सिंथेटिक दोर धरूनही चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या घरात जाते. पोलादी दोर असेल तर त्याहून जड. ती ओढते चार टनांनी. ही सगळी ओढ रिसीव्हरच्या नळीवर, तिच्या वेल्डिंगवर आणि चेसिसच्या बोल्टांवर येते. सायकल-कॅरिअर लावायला म्हणून बसवलेला रिसीव्हर इथे चालत नाही. बंपरच्या पातळ पट्टीला वेल्ड केलेला तर नाहीच. चेसिसच्या दोन्ही रेल्सना जोडणारी आडवी कैची, पुरेशा जाडीचे गसेट, आणि ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचे बोल्ट हवेत. बनवणाऱ्याकडून क्षमता लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पिन १६ मिलिमीटरची, सणसणीत पोलादाची हवी. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तिच्या जागी घालू नये.

मग येतो सरळपणाचा प्रश्न. बंपरमधली विंच चार बोल्टांवर पसरून बसलेली असते. हिचवरची विंच रिसीव्हरच्या तोंडापासून वीतभर बाहेर असते. ओढ तिरकी झाली की ते बाहेरचं अंतर पहारीसारखं काम करतं आणि नळी पिळायला लागते. तेव्हा ओढ गाडीच्या मध्यरेषेपासून पंधरा अंशांच्या आत ठेवणं चांगलं. दोर एकाच बाजूला गोळा होऊन ड्रमच्या कडेला चढू लागला, तर तो तिरक्या ओढीचा इशारा समजावा. थांबा, दोर सोडा, अँकर बदला.

पाळण्याला एक सुरक्षा-साखळी लावून ती चेसिसच्या टो-हुकला अडकवावी. पिन तुटली किंवा क्लिप निसटली तर पाळणा उडून लांब जाऊ नये, एवढंच तिचं काम.

मागे की पुढे

दोन्हीकडे रिसीव्हर असावेत; एकच परवडत असेल तर मागचा घ्या. कारण सरळ आहे. ज्या वाटेनं आलात ती वाट गाडीनं एकदा पार केली आहे, तिची खोली तुम्हाला ठाऊक आहे. पुढची वाट ठाऊक नाही. पुढे विंच लावून गाडी ओढली की ती बहुतेक वेळा चिखलात आणखी आत जाते, आणि नंतर परतीचं अंतर वाढलेलं असतं. धरणाच्या गाळात तर हे नेमकं दिसतं: पुढे पाणी, तिथे ना झाड ना दगड. मागे काठावर पक्की जमीन असते आणि झाडंही असतात. चेसिसवर बुडाला टेकलेली गाडी स्वतःच्याच चाकोरीतून मागे ओढणं हेच कमी कष्टाचं.

मागच्या विंचची एक अडचण लक्षात ठेवा. गाडी बुडाला टेकली की रिसीव्हरही चिखलाखाली जातो. मग चिखलात हात घालून, गाळानं भरलेल्या नळीत चाळीस किलोंचा पाळणा सरकवणं भलतंच कठीण होतं. म्हणून संशयाच्या तुकड्यात शिरण्याआधीच, कोरड्या जमिनीवर, विंच ज्या टोकाला लागेल तिथे लावून घ्यावी आणि दोराचं टोक बाहेर काढून ठेवावं. तेही राहिलं तर रिसीव्हरच्या तोंडाला रबरी झाकण तरी असावं.

चार गाड्या, एक विंच

या विंचचा सर्वांत मोठा फायदा गटानं जाणाऱ्यांना होतो. गटातल्या चारही गाड्यांना सारख्या मापाचे रिसीव्हर, एकाच मापाची पिन आणि एकाच प्रकारचा प्लग बसवून घेतला, तर एक विंच कुठल्याही गाडीच्या कुठल्याही टोकाला लागते. खर्च वाटला जातो आणि वजनही एकाच गाडीत राहतं.

साइडपट्टीत कलंडलेल्या गाडीला हीच युक्ती उपयोगी पडते. तिला बाजूनं ओढायचं असतं आणि तिच्या स्वतःच्या हिचवरून तसं ओढता येत नाही. तेव्हा विंच मोकळ्या गाडीला लावावी. ती गाडी अशी उभी करावी की तिचं टोक अडकलेल्या गाडीकडे सरळ रोखलेलं असेल. दोर अडकलेल्या गाडीच्या चेसिसवरच्या टो-हुकला लावावा. विंचच्या टोकाला ओढ सरळ राहते; टो-हुकच्या टोकाला थोडा कोन चालतो. मोकळ्या गाडीची चारही चाकं दगडांनी अडवावीत, ब्रेक दाबून धरावा. तरीही ती घसरत असेल तर तिचं दुसरं टोक पट्ट्यानं झाडाला बांधावं. घाटात हे करताना दोन्ही वळणांपाशी माणूस उभा केल्याशिवाय दोर रस्त्यावर आडवा टाकायचा नाही.

विजेचं काम

पूर्ण ओढीला १२ व्होल्टची विंच ४०० अँपिअरच्या आसपास करंट घेते. गाडीचा स्टार्टर क्षणभर मोठा करंट घेऊन थांबतो. विंच तो मिनिटभर घेत राहते. अल्टरनेटर साधारण शंभर अँपिअर देतो. उरलेलं सगळं बॅटरीतून जातं. म्हणून इंजिन चालू हवं, विंच ४५ सेकंद ते एक मिनिट चालवावी, मग थांबून मोटरवर हात ठेवून पाहावा. हात टेकवत नसेल तर निवू द्यावी.

मागच्या रिसीव्हरपर्यंत तार न्यायची म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ४०० अँपिअरला या लांबीत सुमारे दोन व्होल्ट खाते. ५० ची दीडच्या जवळ, ७० ची एकच्या. बारा व्होल्टांतले दोन गेले की मोटर मंदावते आणि जास्त तापते. तेव्हा पुढे ५० आणि मागे जमल्यास ७० चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल घालावी. निगेटिव्हसाठी चेसिसवर विसंबू नये, वेगळी तार आणावी. बॅटरीजवळ मेन स्विच किंवा योग्य क्षमतेचा ब्रेकर हवा आणि विंच वापरात नसताना तो बंद हवा. चेसिसच्या धारेवर तार घासली, आवरण फाटलं आणि स्विच चालू असला तर गाडीला आग लागू शकते. प्लग जड करंटचा, अँडरसन धाटणीचा घ्यावा, त्याला झाकण लावावं. चिखलात पडलेला प्लग धुऊन, पुसून मगच जोडावा.

दोर आणि सोबतचं साहित्य

सिंथेटिक दोर हलका असतो, हाताला काटे लागत नाहीत आणि तुटला तर पोलादी दोरासारखा सपकन मागे येत नाही. पण आपल्या मुरमाच्या बारीक कणांना तो भितो. कण धाग्यांत शिरतात आणि आतून कापतात. तो दगडाच्या धारेवर घासू देऊ नये, आणि घरी आल्यावर पूर्ण सोडून, साध्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून परत गुंडाळावा. त्याला गुळगुळीत ॲल्युमिनियमचा फेअरलीड, म्हणजे दोर ड्रमकडे नेणारं तोंड, लागतो. पोलादी दोराला रोलरचा. पोलादी दोरानं खडबडीत केलेल्या फेअरलीडमधून सिंथेटिक दोर कधीच ओढू नये.

पिशवीत एवढं हवं:

– झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, तीन इंचांहून अधिक रुंद, आठ-दहा फूट लांब.
– पाऊण इंची बो शॅकल दोन-तीन, त्यावर ४.७५ टन असा शिक्का असलेले. पिन हातानं पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यावी, म्हणजे ओढीनं आवळून बसत नाही.
– विंचच्या दोराच्या मापाची पुली, म्हणजे स्नॅच ब्लॉक.
– दोराला जोडायचा जादा तुकडा, कारण पठारावर झाड हवं तिथे नसतं.
– जाड चामड्याचे हातमोजे.
– दोरावर टाकायला जड चादर किंवा डॅम्पर. काही नसेल तर ओली गोणीही चालते.
– फावडं, पहार, हवेचा दाब मोजायचं मीटर आणि कॉम्प्रेसर.

ट्रॅक्टरचा साखळदंड, झिजलेले हुक, गाठ मारलेला नायलॉनचा दोर या गोष्टी पिशवीत ठेवूच नयेत. त्या असल्या की घाईत वापरल्या जातात. टो-बॉलला दोर लावणं जगभर जिवावर बेतलेलं आहे. तो गोळा ट्रेलर जोडायला असतो. ओढीच्या झटक्यानं तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो.

अँकर कशाला लावायचा

झाड जिवंत, खोलवर मुळं असलेलं, मांडीहून जाड हवं. पट्टा बुंध्याला जितका खाली लावता येईल तितका लावावा. सुकलेलं झाड, बांधावर एकटं उभं राहिलेलं झाड, खाचराच्या कडेचं झाड टाळावं. पावसानं भिजलेल्या बांधावरचं झाड मुळासकट निघतं आणि त्याबरोबर कुणाचा तरी बांध फुटतो. देवराईतल्या झाडाला पट्टा लावायचाच नाही. भोर-वेल्ह्याच्या गावांनी ती राने पिढ्यानपिढ्या हात न लावता राखली आहेत. आंब्याच्या किंवा हिरड्याच्या झाडाला लावायचा तर मालकाला विचारून.

पठारावर झाड नसेल तर कातळ शोधावा. जमिनीतून वर आलेला अखंड कातळ उत्तम. सुटा धोंडा, मोठा दिसला तरी, फसवा. कातळाच्या धारेवर पट्टा कापू नये म्हणून खाली पायपुसणं किंवा जुनी ट्यूब घालावी. विजेचा खांब, गावाच्या पाटीचा खांब, साकवाचा कठडा, मैलाचा दगड हे अँकर नाहीत.

काहीच नसेल तर स्टेपनी पुरावी. ओढीच्या दिशेला काटकोनात, तीन-साडेतीन फूट खोल चर खणायचा. स्टेपनीत आडवी पहार किंवा लाकूड घालून त्याला पट्टा बांधायचा आणि ती चरात उभी ठेवायची. पट्टा वर येण्यासाठी एक तिरका अरुंद चर काढायचा, मग माती भरून तुडवायची. मेहनतीचं काम आहे, पण धरणाच्या काठावर अनेकदा हाच उपाय उरतो. काम झाल्यावर खड्डा बुजवायचा.

दुहेरी दोर

पुली वापरून दोर अँकरपर्यंत नेऊन परत गाडीकडे आणला की विंचवरची ओढ जवळजवळ निम्मी होते आणि गती निम्म्यावर येते. हिचवरच्या विंचला याचा दुप्पट लाभ आहे. समजा गाडी काढायला तीन टन लागतात. एकेरी दोरात तीनही टन पाळणा, पिन आणि रिसीव्हर यांच्यावर येतात. दुहेरीत दीड टन पाळण्यावर, आणि दीड टन त्या हुकवर जिथे दोराचं परतलेलं टोक लावलं आहे. हा हुक चेसिसचा टो-हुक असला पाहिजे. टोक पाळण्यालाच लावलं, तर तीनही टन पुन्हा रिसीव्हरवर आले आणि पुलीचा निम्मा फायदा गेला. अँकरवर मात्र या पद्धतीतही पूर्ण तीन टन येतात. झाडाचं काम हलकं होत नाही.

शिवाय करंट कमी लागतो, मोटर कमी तापते आणि दोर जास्त सोडावा लागत असल्यानं ड्रम खालच्या, ताकदवान थरांवर येतो. म्हणून हिचवरच्या विंचला दुहेरी दोर हीच नेहमीची पद्धत धरावी. एकेरी फक्त हलक्या कामाला.

जागेवर, क्रमानं

१. चाक जागेवर फिरू लागलं की थांबा. आणखी दहा सेकंद रेस केली तर गाडी बुडाला टेकते. वाहन ओढ्यात असेल आणि पाणी वाढत असेल तर आधी माणसं बाहेर, गाडी नंतर.

२. उतरून बघा. कुठलं चाक हवेत आहे, चेसिस कशावर टेकली आहे, मागे काय आहे. चाकांची हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवा. चाकांसमोर चर काढा, दगड-फांद्या घाला. वाळक्या फांद्या वापरा, कुणाच्या झाडाच्या तोडू नका.

३. एकच माणूस सूत्रधार. बाकी सगळे त्याचं ऐकतील. हाताच्या खुणा आधी ठरवा: ओढ, थांब, सोड. पावसाच्या आणि इंजिनच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणू शकतो.

४. पिन, क्लिप, साखळी, प्लग, शॅकल हे सगळं दुसऱ्या माणसानं पुन्हा तपासावं.

५. विंचचा क्लच सैल करून दोर हातानं ओढून न्या. हातमोजे घाला, दोर मुठीला गुंडाळू नका. दोर स्वतःवरच हुक करू नका, पट्ट्यातून शॅकल लावा.

६. हलकी ओढ देऊन दोर ताठ करा आणि थांबा. सगळं सरळ आहे का पाहा. चादर दोराच्या मध्यावर टाका.

७. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही. दोराच्या रेषेत तर नाहीच. ताठ दोर ओलांडायचा नाही. रिमोटची तार लांब असेल तर ड्रायव्हरनं आत बसून, बॉनेट उघडं ठेवून (विंच पुढे असेल तर) चालवणं बरं.

८. थोडं ओढा, थांबा, पाहा. चाकांना अगदी हलकी गती द्या. गाडीनं दोराच्या पुढे पळू नये, नाही तर दोर सैल पडून ड्रमवर वेडावाकडा गुंडाळतो.

९. पक्क्या जमिनीवर आल्यावर चाकांना दगड लावा, मग दोर सैल करा. विंचच्या ब्रेकवर गाडी उतारावर टांगून ठेवायची नाही.

झटक्यानं ओढायचे कायनेटिक दोर वेगळे आणि विंच वेगळी. विंचचा दोर लावून दुसऱ्या गाडीनं झटका द्यायचा नाही. विंचनं गाडी टो करायची नाही. माणूस उचलायला किंवा दरीत उतरवायला ती वापरायची नाही. गाडी दरीच्या काठावर अर्धवट टांगली असेल तर तिला पट्ट्यांनी बांधून जागेवर धरा, माणसं बाहेर काढा आणि ११२ ला कळवा. ते काम क्रेनचं आहे.

कुठे जाऊ नये

विंच आहे म्हणून कुठेही शिरता येतं असं नाही. राजगड-तोरण्याच्या परिसरात वनखात्याची जमीन मोठी आहे. तिथे परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा ठरू शकतो. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन घाट आणि धबधब्यांच्या जागांसाठी बंदीचे आदेश काढतं, आणि वरंधा घाट अनेक पावसाळ्यांत बंद ठेवला गेला आहे. निघण्याआधी ते पाहावं. लावलेल्या खाचरात गाडी गेली तर नुकसान आधी मालकाला दाखवून मग ओढायला लागावं. विंचच्या ओढीनं चाकोरीभर रोप उखडतं आणि त्याची भरपाई देणं हे आपलंच काम. कड्याकाठच्या गावांत मोबाइलची रेंज भरवशाची नसते. त्यामुळे कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतू हे घरी सांगून निघावं. एकटी गाडी घेऊन जाऊ नये.

निघण्याआधी

नवी विंच आली की पहिलं काम दोर पुन्हा गुंडाळण्याचं. कारखान्यातून तो सैल गुंडाळलेला येतो. मोकळ्या मैदानात सौम्य चढावर तो सोडून, गाडीच्याच वजनाच्या ओढीवर थर एकमेकांना चिकटून बसतील असा गुंडाळावा. सैल थरावर ताण आला की वरचा दोर खालच्यात घुसतो आणि अडकतो.

नंतर सराव. पुण्याहून निघण्याआधी पार्किंगमध्ये पाळणा दोन्ही टोकांना लावून बघा. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, ओल्या हातांनी. दोन माणसांशिवाय तो उचलू नका. गाडीत तो मागच्या सीटपाशी पट्ट्यांनी बांधून ठेवा, कारण अचानक ब्रेक लागला तर एवढं लोखंड पुढच्या माणसाच्या पाठीत येईल. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षणाची सोय आहे; पहिला धडा जाणकारासमोर गिरवणं स्वस्त पडतं. गोव्यात २०१४ पासून भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये विंचचं काम जवळून पाहायला मिळतं. तिथल्या स्पर्धकांची घाई मात्र शिकू नये, त्यांचा क्रम शिकावा.

ज्यांना वर्षातून एकदाच चिखल भेटतो, त्यांनी एवढा खर्च करण्याआधी टिरफोरचा विचार करावा. बांधकामवाले वापरतात ते हे हातानं ओढायचं यंत्र. दीड-तीन टनांची ओढ देतं, वीज लागत नाही, गाडीत बदल लागत नाही आणि चेसिसच्या कुठल्याही टो-हुकला लागतं. हळू आहे, घाम काढतं, पण ओढीची दिशा हवी तशी धरता येते. ज्यांची गटानं महिन्याआड फेरी असते त्यांच्यासाठी सामाईक हिच-विंच योग्य. वाट बघून, चालत जाऊन, काठी रोवून खोली मोजल्यावर जिथे काठी हातभर आत जाते, तिथे गाडी न घालणं हा तिसरा पर्याय. तो बिनखर्चाचा आहे आणि विंच घेतल्यावरही सर्वांत आधी तोच वापरायचा आहे.